लेक रडली म्हणून गोष्टीचा शेवट बदलू नका

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. मी इचलकरंजीत सुताच्या एका पेढीवर अकाउंट्स बघतो. वय चाळीस, शिक्षण मराठी माध्यमातून, बी.कॉम. मध्यंतरी एका व्हिडिओत ऐकलं, की एकोणिसाव्या शतकातले निबंध वाचले की विचाराला वळण लागतं. म्हणून फोनवर अमेरिकन लेखक इमर्सनचा ‘सेल्फ-रिलायन्स’ हा निबंध उघडला. चार पानांतच डोकं भणभणलं. आपलं इंग्रजी कच्चं, असं म्हणून सोडून दिला. त्याच सुमारास दहा वर्षांच्या लेकीला झोपताना अँडरसनची आगकाड्या विकणाऱ्या मुलीची गोष्ट वाचून दाखवली. लेक हमसून हमसून रडली, रात्री दचकून उठली. बायको चिडली. म्हणाली, झोपताना असलं काही सांगतात का, शेवट बदलायचा ना! दुसऱ्या दिवशी लेकीनं विचारलं, “बाबा, तिला कुणीच घरात का घेतलं नाही?” मला काही बोलता आलं नाही. हे जुनं साहित्य आज खरंच वाचण्यासारखं आहे, की नुसतंच नाव मोठं? माझ्यासारख्यानं सुरुवात कुठून करावी? आणि लेकीला या गोष्टी सांगाव्यात की नाही?

उत्तर:

नमस्कार. तुमच्या लेकीच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्याच वाटेवर सापडतील.

हान्स क्रिस्तियन अँडरसननं ही गोष्ट १८४५ मध्ये लिहिली. त्याचा जन्म डेन्मार्कमधल्या ओडेन्सचा. बाप जोडे शिवायचा, आई लोकांचे कपडे धुवायची. या आईला लहानपणी घरच्यांनी भीक मागायला बाहेर काढलं होतं. तिला हात पसरवेना, म्हणून ती अख्खा दिवस एका पुलाखाली रडत बसली, हे अँडरसननं स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. तुमची लेक ज्या मुलीसाठी रडली, ती अँडरसनच्या घरातलीच होती म्हणा ना.

ती गोष्ट आता एकट्यानं पुन्हा वाचा. वर्षाची शेवटची रात्र आहे, बर्फ पडतोय, मुलीच्या पायांत आईच्या मापाच्या मोठ्या सपाता आहेत. दोन गाड्या भरधाव येतात म्हणून ती धावत रस्ता ओलांडते आणि सपाता निसटतात. एक सापडतच नाही. दुसरी एक पोरगा उचलून पळतो. मला मुलं झाली की हिचा पाळणा करीन म्हणतो. घरी जायची सोय नाही, कारण एकही काडी खपलेली नाही आणि बाप मारेल. पहिली काडी ओढते तेव्हा शेगडी दिसते, दुसरीला भाजलेला हंस, तिसरीला ख्रिसमसचं झाड, मग आजी. आजी जाऊ नये म्हणून ती उरलेल्या सगळ्या काड्या एकदम ओढते. या गोष्टीत राक्षस नाही, चेटकीण नाही. दुष्ट म्हणावं असं माणूस बापाखेरीज कुणी नाही, आणि तोही समोर येत नाही. सगळे नुसते शेजारून जाणारे आहेत. लेकीच्या मनाला लागलं ते हेच.

शेवट बदलून कुणी तिला घरात घेतलं असं सांगितलं असतं, तर लेकीनं हा प्रश्न विचारलाच नसता. म्हणून माझं ठाम मत आहे, की शेवट बदलू नका. वहिनींचं अर्धं म्हणणं मात्र शंभर टक्के बरोबर आहे. झोपायच्या वेळी ही गोष्ट नको. रविवारी दुपारी, पोट भरलेलं असताना, आई-बाबा दोघं जवळ असताना सांगा. गोष्टीनंतर बोलायला तास-दोन तास हाताशी असले पाहिजेत. मुलं घाबरतात ती गोष्टीपेक्षा जास्त, गोष्ट संपल्यावर लगेच दिवा मालवला जातो त्यानं.

आता तिला द्यायचं उत्तर. त्यासाठी दुसरी गोष्ट घ्या, ऑस्कर वाइल्डची ‘द हॅपी प्रिन्स’. ती १८८८ च्या मे महिन्यात पुस्तकात आली. शहरातल्या उंच खांबावर राजपुत्राचा पुतळा आहे. अंगावर सोन्याचा वर्ख, तलवारीच्या मुठीत माणिक, डोळ्यांच्या जागी नीलमणी, आणि हे नीलमणी हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून आणलेले. जिवंत असताना त्याला राजवाड्याच्या भिंतीपलीकडचं काही दिसलं नव्हतं. आता खांबावरून सगळं शहर दिसतं. इजिप्तला निघालेल्या एका पाकोळीला तो थांबवून घेतो आणि तिच्याकरवी एकेक मौल्यवान वस्तू वाटत सुटतो. माणिक जातं एका शिवणकाम करणाऱ्या बाईकडे. तिचं पोर तापानं फणफणलंय, संत्री मागतंय आणि घरात नदीच्या पाण्याखेरीज काही नाही. दुसरा नीलमणी कुणाला जातो, ते लेकीला वाचून दाखवा. आगकाड्या विकणाऱ्या एका मुलीला! तिच्या काड्या गटारात पडल्या आहेत, पायांत काही नाही, पैसे नेले नाहीत तर बाप मारणार आहे. त्रेचाळीस वर्षांनी ती मुलगी दुसऱ्या लेखकाच्या गोष्टीत पुन्हा रस्त्यावर उभी आहे, आणि या खेपेला वर बघणाऱ्या कुणाला तरी ती दिसली आहे.

आणि आता निबंध. त्याच वर्षी, २३ जून १८८८ ला, लंडनमधल्या ‘द लिंक’ नावाच्या छोट्या साप्ताहिकात ॲनी बेझंट यांचा ‘व्हाइट स्लेव्हरी इन लंडन’ हा लेख आला. पुढे हिंदुस्थानात येऊन होमरूलची चळवळ उभारणाऱ्या, आपल्या शाळेच्या इतिहासातल्या त्याच ॲनी बेझंट. लंडनच्या पूर्व भागातल्या ब्रायंट अँड मे या आगपेट्यांच्या कारखान्यातल्या पोरींशी बोलून त्यांनी तो लिहिला. आठवड्याला चार शिलिंग मजुरी, आणि त्यातूनही कापाकापी. पाय मळलेले असले तर दंड, बाकाखाली कचरा राहिला तर दंड, बोललं तर दंड. काड्यांच्या गुलाला पांढरा फॉस्फरस वापरायचे. त्यानं कामगारांच्या जबड्याचं हाड सडायचं. तुम्ही हिशेब बघता, म्हणून मुद्दाम सांगते, हा लेख पगारपत्रक वाचल्यासारखा वाचा. बाई आवाज चढवत नाहीत, आकडे मांडत जातात, आणि वाचणाऱ्याचा संताप आकड्यांमधूनच वर येतो. लेख आल्यावर कारखान्यानं पोरींवर दबाव आणला, आणि जुलैच्या सुरुवातीला सुमारे चौदाशे बायका-पोरी काम टाकून बाहेर पडल्या. त्या महिन्यातच दंड रद्द झाले, आणि त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली.

तेव्हा लेकीला सांगा: त्या रात्री तिला कुणीच घरात घेतलं नाही, हे खरं आहे. पुढे आगपेट्या बनवणाऱ्या पोरीच एकत्र उभ्या राहिल्या, हेही खरं आहे. दहा वर्षांच्या मुलीला हे उत्तर पुरेपूर कळतं.

मला तुम्हाला सांगायचंय ते एवढंच, की परीकथा आणि निबंध जोडीनं वाचा. त्या शतकात हे दोन प्रकार एकाच काळजीतून लिहिले जात होते, आणि बरेचदा एकाच माणसाच्या हातून. कारखाने नवे होते, शहरं फुगत होती, गरिबी डोळ्यांसमोर होती. मुलांना ते गोष्टीतून सांगायचे, मोठ्यांना निबंधातून. नुसता निबंध घेतला की प्रवचन वाटतं, नुसती परीकथा घेतली की पोरखेळ वाटतो. दोन्ही शेजारी ठेवली की एकातली खोच दुसऱ्यानं उलगडते.

याची सगळ्यात उत्तम जोडी जॉन रस्किन या इंग्रज विचारवंताची आहे. ‘द किंग ऑफ द गोल्डन रिव्हर’ ही गोष्ट त्यानं १८४१ मध्ये एका बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या हट्टाखातर लिहिली. छापून आली दहा वर्षांनी. डोंगरातल्या एका सुपीक दरीत तीन भाऊ राहतात. थोरले दोघं, श्वार्ट्झ आणि हान्स, इतके चिक्कू की स्वयंपाकघरात सांडलेले कण खातात म्हणून रातकिड्यांना विष घालतात. धान्य पिकलं की भाव चढेपर्यंत दाबून ठेवतात, मग दुप्पट दरानं विकतात. गड्यांना पगार न देता राबवून घेतात, आणि गडी कुरकुरले की भांडण उकरून काढून, पगार बुडवून हाकलतात. हे पहिल्याच पानांवर आहे. पुढे दरी उजाड होते आणि सोन्याच्या नदीचा राजा अट घालतो: नदीच्या उगमात जो पवित्र पाण्याचे तीन थेंब टाकील, त्याची नदी सोन्याची होईल. थोरले दोघं वाटेत तहानेल्यांना ओलांडून पुढे जातात आणि काळे दगड होऊन पडतात. धाकटा ग्लक मात्र आपलं पाणी एका म्हाताऱ्याला पाजतो, मग एका लेकराला, आणि उरलेले थेंब मरायला टेकलेल्या कुत्र्याला. कुत्रं म्हणजेच राजा, हे तुम्ही ओळखलंच असेल. नदीचं सोनं कसं होतं ते इथं सांगत नाही. ते बाप-लेकीनं मिळून वाचा.

त्याच रस्किननं १८६० मध्ये ‘कॉर्नहिल’ मासिकात चार निबंध लिहिले. वाचकांनी इतका गिल्ला केला, की संपादक थॅकरे यांना मालिका चौथ्यावरच थांबवावी लागली. १८६२ मध्ये त्यांचं पुस्तक झालं, ‘अन्टू धिस लास्ट’. गांधीजींनी ते १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना आगगाडीत वाचलं आणि त्यांची झोप उडाली; पुढे त्याचा गुजराती सारांश करताना त्यांनी त्याला ‘सर्वोदय’ नाव दिलं. तुम्ही सगळं पुस्तक वाचू नका, पहिला निबंध वाचा. त्यात रस्किन विचारतो, की सैनिकाचं काम देशाचं रक्षण, वैद्याचं काम लोकांचं आरोग्य, आणि वेळ आली तर या कामासाठी मरायची तयारी आपण त्यांच्याकडून धरतो. मग व्यापाऱ्याचं काम काय, आणि कोणत्या प्रसंगी त्यानं नफा सोडून सर्वस्व पणाला लावावं? लोकांना चांगला माल पुरवणं हे त्याचं काम, आणि नफा त्या कामामागून येणारी गोष्ट, असं तो स्वतःच उत्तर देतो. सुताच्या पेढीवर बसून हे वाचणाऱ्या माणसाला जे दिसेल, ते मला दिसणार नाही. श्वार्ट्झ आणि हान्स डोळ्यांसमोर असतील तर भाषेची अडचणही फारशी वाटणार नाही.

जॉर्ज मॅकडॉनल्डची ‘द लाइट प्रिन्सेस’, १८६४ ची, लेकीसाठी आताच आणा. शापामुळे या राजकन्येला वजन नाही; ती हवेत तरंगते, कशालाही हसते, आणि तिला रडता येत नाही. पहिल्यांदा रडते तेव्हाच तिचे पाय जमिनीला लागतात. तुमच्या घरात जे घडलं त्यानंतर ही गोष्ट वहिनींनीही ऐकावी असं मला मनापासून वाटतं. आपल्या परीकथांचा अर्थ काय, या प्रश्नाला मॅकडॉनल्डनं १८९३ च्या ‘द फँटॅस्टिक इमॅजिनेशन’ या निबंधात उत्तर दिलंय. गोष्ट अर्थ हातात देत नाही, ऐकणाऱ्याच्या मनातला अर्थ जागा करते, असं त्याचं म्हणणं आहे. तेव्हा गोष्ट संपल्यावर ‘यातून काय बोध घेतलास?’ हे लेकीला विचारू नका. तिनं विचारलं तर बोला, नाहीतर गप्प बसा.

आता तुमच्या एकट्याच्या वाचनाबद्दल. इमर्सन कळला नाही यात तुमच्या इंग्रजीचा दोष थोडा आहे, त्याच्या लिहिण्याचा जास्त. व्याख्यानांतून आणि रोजनिशीतून वेचलेली वाक्यं त्यानं शेजारी शेजारी मांडली. प्रत्येक वाक्य भिंतीवर लावावं असं, पण एकातून दुसऱ्यात जायला पायरी नाही. त्याला सध्या बाजूला ठेवा आणि चार्ल्स लॅम्बला गाठा.

लॅम्ब तुमच्या धंद्यातला माणूस. लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत त्यानं १७९२ पासून १८२५ पर्यंत, तेहतीस वर्षं, हिशेबाच्या वह्या लिहिल्या. कंपनीचा हिंदुस्थानातला माल त्याच्या लेखणीखालून जात होता. घरी बहीण मेरी. वेडाच्या झटक्यात तिच्या हातून १७९६ मध्ये आईचा जीव गेला. चार्ल्सनं तिची जबाबदारी आयुष्यभर स्वतःवर घेतली, लग्न केलं नाही. दोघांनी मिळून १८०७ मध्ये मुलांसाठी शेक्सपिअरच्या नाटकांच्या गोष्टी लिहिल्या. कचेरीतून आल्यावर ‘एलिया’ या टोपणनावानं तो निबंध लिहायचा.

त्यातला ‘ड्रीम चिल्ड्रन’ आधी वाचा. जेमतेम चार-पाच पानांचा आहे. दोन मुलं, ॲलिस आणि जॉन, बापाभोवती जमतात आणि पणजीच्या गोष्टी सांगा म्हणतात. बाप सांगत जातो, आणि मध्येमध्ये मुलं काय करतात ते लॅम्ब टिपतो. पणजी छान नाचायची म्हटल्यावर ॲलिसचा उजवा पाय आपोआप ताल धरतो. बागेतली फळं तोडण्यापेक्षा नुसतं हिंडण्यातच मला मजा वाटायची, असं बाप म्हणतो, तेव्हा जॉन हळूच उचललेला द्राक्षांचा घोस गुपचूप ताटलीत परत ठेवतो. एवढ्यावरच थांबते, शेवटाला मी हात लावणार नाही. तो वाचून तुम्हाला कळेल, की निबंधसुद्धा गोष्टीसारखा छातीत घुसू शकतो.

मग ‘द सुपरॲन्युएटेड मॅन’. वर्षानुवर्षं टेबलाला जखडलेल्या कारकुनाला एक दिवस अचानक मालक बोलावतात, आणि नोकरी जाणार म्हणून धास्तावलेल्या त्याला पेन्शन देऊन मोकळं करतात. सुटका झाली तर माणूस आनंदानं नाचेल ना? पण त्याला वार आठवेनासे होतात. पूर्वी सोमवारला सोमवारची चव होती, शनिवारला शनिवारची. आता सगळे सारखे. तो एक-दोनदा जुन्या कचेरीत जाऊन आपली खुंटी आणि आपलं टेबल बघून येतो, तर तिथं दुसराच कुणी बसलेला. मार्चअखेरीला उशिरापर्यंत बसणाऱ्या कुणालाही हे वाचताना तळटीप लागणार नाही.

लॅम्बच्या लेखनात जुनी पुस्तकं, जुनी नाटकं यांचे उल्लेख पेरलेले असतात. ते सरळ ओलांडून जा. डिक्शनरी शेवटी उघडा, मध्ये नको. यातली बहुतेक इंग्रजी पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट आहेत, आणि बरीचशी लिब्रिव्हॉक्स या संकेतस्थळावर माणसांनी वाचलेली ऐकायला मिळतात. कामावर जाता-येता आधी ऐका, मग रात्री वाचा. अँडरसनसाठी जीन हर्शोल्टचा इंग्रजी अनुवाद शोधा, तो अँडरसन केंद्राच्या संकेतस्थळावर आहे. लेकीला मात्र इंग्रजी वाचून दाखवू नका. आदल्या दिवशी तुम्ही वाचा आणि तिला तुमच्या घरच्या बोलीत सांगा.

असं सांगणारी एक बाई तुमच्याच मुलखातून फिरून गेली आहे. तिचं नाव ॲना लिबेराटा डिसूझा. तिचं घराणं मूळचं लिंगायत, गोव्यात येऊन ख्रिस्ती झालेलं. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर १८६५-६६ च्या हिवाळ्यात दक्षिण मराठा मुलखाच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा त्यांची मुलगी मेरी सोबत होती आणि मेरीची आया ॲना. प्रवासात ॲनानं आजीकडून ऐकलेल्या गोष्टी सांगितल्या, मेरीनं लिहून घेतल्या, आणि १८६८ मध्ये लंडनला ‘ओल्ड डेक्कन डेज’ छापलं गेलं. पहिलीच गोष्ट ‘पंचकिन’. जादूगाराचा जीव त्याच्या अंगात नाही, दूरच्या रानात आहे; ताडांच्या मधोमध पाण्याच्या सहा घागरी एकावर एक, त्यांच्या खाली पिंजरा आणि पिंजऱ्यात हिरवा पोपट. ही आपण आजीकडून ऐकलेली, फक्त इथं ती दीडशे वर्षांपूर्वीच्या एका आयेच्या तोंडून येते. पुस्तकाच्या सुरुवातीला ॲनानं स्वतःची हकिगतही सांगितली आहे. हल्लीच्या म्हाताऱ्यांना गोष्टींपेक्षा पैशाचा नाद लागलाय, अशी तिची तक्रार आहे. गोष्टी गोळा करणाऱ्यांनी सांगणाऱ्याचं नाव सहसा गाळलं. मेरीनं ते ठेवलं, आणि या पुस्तकाला मी एवढा मान देते तो म्हणूनच. ॲनाची हकिगत हा पुस्तकातला निबंधच समजा.

तिच्या जोडीला मराठीतून मुक्ता साळवे. सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेतली ही चौदा वर्षांची विद्यार्थिनी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये दोन हप्त्यांत आला. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परही नसतं, थंडी-वाऱ्या-पावसात त्यांचे काय हाल होत असतील, असं ती विचारते. छोटा आहे, भाषा सोपी आहे. लेकीपेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठ्या मुलीनं तो लिहिला, हे तिला आधी सांगा. त्यानंतर तुम्ही ताराबाई शिंदे यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ घ्या, १८८२ ची. विष्णुशास्त्र्यांची ‘निबंधमाला’ थोर आहे, पण तिची वाक्यं लांबलचक. आगरकरांचे ‘सुधारक’मधले निबंध आधी पचतील. मराठी पुस्तकांसाठी तुमच्या आपटे वाचन मंदिरात चौकशी करा.

राहिली वहिनींची काळजी, आणि ती परीकथा गोळा करणाऱ्या जर्मन ग्रिम बंधूंनासुद्धा पडली होती. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत स्नो व्हाइटला मारायला निघालेली बाई तिची सख्खी आई आहे. १८१९ मध्ये त्यांनी तिला सावत्र केलं. मुलांनी एकमेकांना कापायचा खेळ खेळल्याची एक गोष्ट त्यांनी काढूनच टाकली. निवड करणं यात काही गैर नाही. गोष्ट द्यायची की नाही हे आई-बापांनी ठरवावं. द्यायची ठरली की मोडतोड न करता द्यावी. ग्रिमची ‘द ज्युनिपर ट्री’ आणि अँडरसनची ‘द रेड शूज’ अजून चार-पाच वर्षं नकोत. एकात पोराला मारून शिजवतात, दुसरीत मुलीचे पाय तोडतात.

पुढच्या रविवारी अँडरसनचीच ‘द स्नो क्वीन’ काढा. ती सात भागांची आहे, आठवडाभर पुरेल, आणि झोपतानाही चालेल. गेर्डा नावाची मुलगी हरवलेल्या मित्राला शोधायला उत्तर ध्रुवाकडे एकटी निघते. वाटेत लॅपलंडमधली एक बाई तिला फिनमार्कच्या बाईसाठी चिठ्ठी देते, पण कागद नसतो म्हणून ती सुक्या माशावर लिहिते. फिनमार्कची बाई तो मासा तीनदा वाचते, पाठ झाला की रश्शाच्या भांड्यात टाकून देते. तिथं लेक हसली की पुढचा भाग वहिनींना सांगायला लावा.